वाईस उघडला कुणी?

अहो,

मागच्या आठवड्यात तुमच्या दहाव्याला नदीकाठी भांडण झालं. हे तुम्हाला सांगितलंच पाहिजे, कारण तुम्ही असता तर त्यात सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच बोलला असता.

पिंड मांडून झाले होते. माणसं हात जोडून उभी होती. कावळा समोरच्या बाभळीवर बसून, मान वाकडी करून आमच्याकडं बघत होता, पण खाली उतरायचं नाव घेत नव्हता. "काय राह्यलं असंल हवालदाराचं?" कुणीतरी हळूच म्हणालं. मागून हिंदुराव पैलवान बोलले, "वाईसात जीव आडकलाय, दुसरं काय! पर त्यो वाईस मी सोडवला, ह्ये काय त्यांनी शेवटपत्तूर कबूल केलं न्हाई."

झालं. तुमचे थोरले भाऊ, आबा, सुतकातही भडकले. "तू सोडवलास? आरं, तू दांडा वाकवलास!" गुऱ्हाळावरचा गुळव्या म्हणाला, "दांडा ऱ्हाऊ द्या, भट्टी कुनाची व्हती?" मी मागं बायकांत बसले होते. मला राहवेना. पदर सावरत तिथनंच म्हणाले, "आणि वाकळ कुणाची होती?" सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडं बघितलं, आणि तेवढ्यात कावळा कधी खाली आला, कधी शिवून गेला, कुणाला पत्ताच नाही. भटजींनी बघितलं म्हणून बरं.

मला हसू आलं. दहाव्याला बायकोनं हसू नये हे कळतं मला. पदराआड हसले, मग तोच पदर डोळ्यांना लावला. बघणाऱ्यांना दोन्ही एकच वाटलं असणार.

माणूस गेला की लोक म्हणतात, फार शांत होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुमच्याबद्दल एकानंही असं म्हटलं नाही, आणि मला बरं वाटलं. तुम्ही शांत होता कधी?

आपलं लग्न झालं तेव्हा तुम्ही रजेवर होता, आणि पुढचा संसारही आपण रजेवरच केला. तुम्ही तिकडं उत्तरेत फौजेच्या गाड्या खोलून जोडत होता आणि मी इथं, रहिमतपूरच्या अलीकडं आपल्या गावात, शाळेतल्या पोरांना बाराखडी शिकवत होते. तुम्ही आलात की घरात गोडधोड व्हायचं. तुमचा स्वभाव जरा कळायला लागला की ट्रंक भरायची वेळ यायची. मग बांगलादेशची लढाई झाली, तुमची नोकरी पुरी झाली आणि ती काळी ट्रंक घेऊन तुम्ही कायमचे घरी आलात. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही घोरता. रजेवर असतानाही घोरतच असणार म्हणा, पण रजेवरच्या माणसाचं घोरणं कुणी मनावर घेत नाही.

घरी आलात आणि पंचाईत झाली. जमीन दोघा भावांची, पण उसातलं कळायचं ते थोरल्या आबांना. तुम्हाला एकदा पाण्यावर पाठवलं, तर तुम्ही विहिरीवरच्या पंपाला कान लावून बसलात आणि पाणी सगळं शेजारच्या हरभऱ्यात.

"आरं, पाणी कुटं चाललंय ते बघायचं का पंपाची नाडी धरायची?" आबा लांबून ओरडले.

"आबा, बेरिंग गेलंय ह्याचं. ऐका जरा, रडतंय ते."

"रडू दे! म्या बी रडाय लागलोय!"

त्यानंतर आबांनी तुम्हाला शेतात बोलावणं बंद केलं. रागानं नव्हे, घरच्या पाहुण्याला काम सांगू नये तसं. तुम्ही उंबऱ्यात बसून तेच वर्तमानपत्र पुन्हा वाचायचात. ते मला बघवायचं नाही.

त्यातच पुण्याचे तुमचे चुलतभाऊ शंकरराव आले. त्यांनी एका कारखान्याच्या फाटकावर तुमच्यासाठी जागा बघून ठेवली होती. "खाकी कपडे, हातात काठी, साहेबाची गाडी आली की फाटक उघडायचं. बसून पगार! शिमग्याला येतो मी न्यायला, पेटी भरून ठेव." तुम्ही त्यांच्यासमोर "बरं" म्हणालात. ते गेल्यावर बनियनची घडी घालता घालता मला म्हणालात, "आयुष्यभर गाड्या खोलल्या, आता फाटकं खोलू व्हय?"

मला काय वाटतं ते तुम्ही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पुन्हा ट्रंक, पुन्हा सणासुदीला येणं, पुन्हा निघताना दारात वळून बघणं. ते मला नको होतं. पण नवऱ्याला "जाऊ नका" म्हणायची सवय फौजीच्या बायकोला नसते. ती लागूच देत नाहीत कुणी.

तुमच्या मनात वर्कशॉप होतं. आपल्या भागात विहिरीविहिरीवर पंप बसत होते, आणि एक बिघडला की माणूस कराडला नाहीतर कोरेगावला धावायचा. पाने, हातोड्या, कानशी तुमच्या ट्रंकेत होत्या. नव्हता तो वाईस. शाळेतली पोरं मला अजून विचारतात, "बाई, वाईस म्हंजी काय?" मी सांगते, लोखंडाचा जबडा. दांडा फिरवला की मिटतो, उलटा फिरवला की उघडतो, आणि एकदा वस्तू धरली की आपण दोन्ही हातांनी ती घासायला, ठोकायला मोकळे. नव्या वाईसाचं नाव काढायची आपली ऐपत नव्हती. म्हणून माझ्या भाचीच्या लग्नाला सांगलीला निघालो तेव्हा तुम्ही घरात जाहीर केलं, "सांगलीला चाललोय. येताना वाईस येतो बघून."

जाऊबाई पीठ मळत होत्या. "सांगलीवरनं वाईस? उलटी वाट न्हाई का ती?"

"वाईस, वयनी. वाईला न्हाई."

"मग आत्ता म्हणलासा की वाईस जातो म्हणून."

"जातो न्हाई, घेतो!"

"वाई घेताय?" आबा बाहेरून म्हणाले. "घ्या, घ्या. पेन्शन लय साठलीया जणू."

सांगलीला लग्न लागलं, अक्षता पडल्या आणि जेवणाच्या पंगतीतनं तुम्ही नाहीसे झालात. मला माहीत होतं कुठं गेला असाल. मी लग्नातल्या साडीतच, ओटीची पिशवी काखेत धरून, बादशाभाईंच्या भंगाराच्या दुकानी पोचले. तुम्ही एका शेळीसमोर उकिडवे बसला होता. शेळी ज्याला बांधली होती तो वाईस. गंजून नुसता लाल झालेला, जबडा घट्ट मिटलेला. नदीतनं काढलेला दगड म्हणून कुणीही फेकून दिला असता.

"हवालदारसाब, और कुछ बी लेव," बादशाभाई म्हणत होते. "ओ इकने का नै. ओ बकरी का है."

"बकरीला काय करायचाय वाईस?"

आतनं त्यांच्या बायकोचा आवाज आला, "दुसऱ्या कशालाच दाद देत न्हाई ती! सुटली की शेजारणीची मेथी खाती, आन भांडायला मला जावं लागतं. तुमी येनार हाय का भांडायला?"

भाव ठरायला काही वेळ लागला नाही, वेळ लागला तो शेळीची सोय करायला. तुम्ही एक पहार शोधून जमिनीत ठोकलीत, शेळी तिला बांधलीत, आणि आपण चहाला बसलो. चहा अर्धा होईतो शेळीनं पहार उपटली आणि माझ्या पिशवीतला ओटीचा खण खायला घेतला. नवा, जरीकाठाचा. मी एका बाजूनं ओढत होते, शेळी दुसऱ्या बाजूनं. तुम्ही मधे उभे राहून म्हणालात, "बघ, ताकद बघ तिची! आन ह्यो वाईस तिला पुरून उरलाय. माल एक नंबर हाय."

त्या क्षणी मला तुमचा जो राग आला होता तसा पुन्हा कधी आला नाही. मग तुम्ही सदरा काढून चांगला हातभर खड्डा खणलात आणि गाडीचा जुना अॅक्सल त्यात उभा पुरलात. बादशाभाईंच्या बायकोनं स्वतः तो हलवून बघितला, तेव्हा कुठं वाईस आपला झाला.

बसमधली गोष्ट तुम्ही नेहमी अर्धी सांगायचात. पुरी मीच सांगते. वाईस तुम्ही आहेरात मिळालेल्या लाल टॉवेलात गुंडाळून सीटवर, खिडकीपाशी ठेवला होता. कंडक्टर आला. "ह्ये काय हाय? लगेज फाडावं लागंल." तेवढ्यात शेजारच्या सीटवरच्या म्हातारीनं वाकून विचारलं, "कुठला द्येव म्हनायचा, बाबा?"

तुम्ही खरं तेच सांगितलंत. "लोखंड हाय, आजी."

गाडीचा आवाज, त्यात म्हातारीचे कान. "खंडोबा हाय व्हय!" ती म्हणाली आणि तिनं हात जोडले. तिच्या कमरेच्या पिशवीत भंडारा होता. चिमूट भरून तिनं टॉवेलावर उधळला. पुढच्या माणसानं वळून नमस्कार केला. त्याच्या पुढच्यानं केला. एकानं सीटखाली सरकवलेल्या चपला उचलून मांडीवर घेतल्या.

तुम्ही उभे राहिलात. फौजेतला माणूस, खोटं चालायचं नाही. "आवं आजी, खंडोबा न्हवं. वाईस हाय, वाईस!"

"वाईचा व्हय? वाईला कुटला आलाय खंडोबा?"

"आसंल की," मागून एकजण ठामपणे म्हणाला. "वाईला काय द्येवांची कमी हाय का?"

कंडक्टरनं पुस्तक मिटलं आणि टोपी काढून टॉवेलाला हात लावला. तुम्ही पुन्हा तोंड उघडणार तोच मी सदरा धरून तुम्हाला खाली ओढलं. कराडला म्हातारी उतरली ती "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणतच, आणि निम्मी गाडी तिच्या मागं म्हणाली. आपण घरी पोचलो तेव्हा गंजाच्या तांबड्यावर हळदीचा पिवळा चढला होता. जाऊबाईंनी टॉवेल उलगडून बघितलं, आपल्या दोघांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "वाईहून आलेला दिसत न्हाई."

तुम्ही तो अंगणात बाभळीच्या ओंडक्यावर बोल्ट घालून बसवलात, आणि दांड्याला हात घातलात. हलेना. दांड्यावर लांब पाईप चढवून जोर लावलात. ओंडका हलला, वाईस नाही. आबा हुलग्याचं माडगं पीत बघत होते.

"काय करतोय त्यो?"

"सुटंल."

"आन न्हाई सुटला तर?"

तुम्ही ताठ उभे राहिलात, परेडला उभे राहावं तसे. "सुटला तर मी हितंच, आबा. न्हाई सुटला तर शिमग्याला पुण्याला."

हे तुम्ही आबांना म्हणालात. ऐकलं मी. त्या दिवसापासनं तुमच्यापेक्षा त्या वाईसाची काळजी मला जास्त होती.

तुम्ही रॉकेल घातलंत. रॉकेल तेव्हा रेशनवर, रांगेत उभं राहून आणलेलं. स्टोव्ह उपाशी आणि वाईस तुपाशी असं चाललं. चूल फुंकून माझे डोळे लाल झाले, पण मी हूं की चूं केलं नाही, आणि याचं तुम्हाला फार नवल वाटलं. जरा घाबरलातच तुम्ही. रोज सकाळी तुम्ही त्याच्याशी बोलायचात, आणि तेही हिंदीत. म्हशीशी मराठी, माझ्याशी मराठी, यंत्राशी मात्र हिंदी. "चल बेटा, खुल जा. शाबाश." बेटा ढिम्म.

मग मी म्हटलं, देवाची भांडी आपण चिंच-ताकानं घासतो, हेही ताकात घालून बघू. तुम्ही हसलात. "शालन, फौजेत तोफा ताकानं धुत न्हाईत."

"तुमच्या तोफा गंजल्या नव्हत्या."

शेवटी तुम्ही कंटाळून परवानगी दिलीत. ओंडक्यावरनं काढून वाईस मी पत्र्याच्या बादलीत आंबट ताकात बुडवला. वासानं गल्लीतली सगळी मांजरं कुंपणावर येऊन बसली. जाऊबाईंनी आबांच्या ताटात ताक वाढलं नाही. आबांनी विचारलं, तर म्हणाल्या, "ताक वाईस पितोय. तुमी पानी प्या." बाहेर काढला तेव्हा वरचा गंज खपलीसारखा निघून आला होता आणि खाली काळंभोर लोखंड दिसत होतं. तुम्ही बोट फिरवून बघितलंत. ताक माझं होतं हे मी तेव्हाही म्हटलं होतं, आत्ताही म्हणते. जबडा मात्र तसाच मिटलेला.

त्यानंतरची तुमची युक्ती गुऱ्हाळाची. उसाचा हंगाम होता, मळ्यात चुलवाण रात्रंदिवस पेटलेलं. लोखंड हळूहळू शेकलं की आत धरलेला गंज सुटतो, पण एकदम तापवलं तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकतं, असं तुमचं म्हणणं. गुळव्याला ते पटेना. "माझ्या काहिलीत उद्या गंजाचा वास आला तर गूळ घ्येनार कोन? तुमी?" तुम्ही त्याला दोन दिवस चिपाडं वाहून दिलीत, तेव्हा त्यानं चुलवाणाच्या तोंडाशी जागा दिली. तासातासाला वाईस फिरवायचा, थोडं तेल सोडायचं, हातोडीनं टिचकी मारायची. शेकत पडलेल्या वाईसाभोवती गाव जमलं. रस प्यायला आलेली माणसं सल्ला देऊन जायची.

तिथंच हिंदुराव पैलवान आले. पंचक्रोशीत गदा मिळवलेला माणूस. "बाजूला व्हा, हवालदार." हाताला गोणपाट गुंडाळून त्यांनी पाईप धरला. गावच्या चार गड्यांनी वाईस दाबून धरला. पैलवानांनी "जय बजरंग" म्हणून जो हिसका दिला, त्यात दांडा वाकला, पाईप निसटला आणि पैलवान मागच्या चिपाडाच्या ढिगात असे गेले की फक्त पाय वर दिसत होते. कुणी हसलं नाही. पैलवानांवर कोण हसणार? आम्ही सगळे एकदम गुऱ्हाळाच्या मागं गेलो आणि तिकडं हसलो.

तुम्ही मात्र हसला नाहीत. वाकडा दांडा हातात घेऊन चिपाडावर बसून राहिलात. येताना वाटेत म्हणालात, "शिमगा जवळ आला गं." बस्स, एवढंच. मी त्या दिवशी घरी येऊन तुमची ट्रंक माळ्यावर टाकली, अगदी मागं, कणगीच्या आड. तुम्हाला वाटलं मी झाडलोट करतेय.

दुसऱ्या दिवशी तुम्ही वाईस पुन्हा ओंडक्यावर घट्ट बसवलात, दांडा ठोकून सरळ केलात, पाईप चढवलात आणि नुसतेच बघत बसलात. मला धुणं वाळत घालायचं होतं. आपली ती जुनी वाकळ, सासूबाईंनी किती लुगडी घालून शिवलेली, भिजली की उचलताना कंबर मोडते. दोरी तिच्या वजनानं तुटायची. मी बघितलं, हा आडवा पाईप चांगला मजबूत आहे आणि तसाही काही कामाचा नाही. टाकली त्याच्यावर वाकळ, पार टोकाला, आणि भाकरी थापायला आत गेले.

धप्पकन आवाज आला. बाहेर आले तर धुतलेली वाकळ चिखलात. माझं डोकं फिरलं. "आवं, नुसतं बसून काय ऱ्हाता? वाकळ पडल्याली दिसत न्हाई व्हय?" मी ओरडतेच आहे, आणि तुम्ही वाकळीला ओलांडून पुढं गेलात. पाईप आडवा होता तो खाली लोंबत होता.

तुम्ही हात लावायला घाबरलात. खरंच घाबरलात, मी बघितलं. मग एका हातानं दांडा धरलात आणि फिरवलात. कर्रर्र करून तो फिरला. जबडा जरासा उघडला, नखभर, आणि आतनं लाल भुकटी खाली सांडली. तुम्ही बंद केलात, उघडलात, बंद केलात, उघडलात. "आबा!" तुम्ही ओरडलात. "आबा, सुटला!" तेव्हा मला वाकळ आठवलीही नाही.

मग सुरू झालं ते भांडण, जे दहाव्यापर्यंत चाललं. तुमचं म्हणणं, शेकण्यानं गंज ढिला झाला होता, उरलेलं काम पाईपच्या लांबीनं केलं. माझं म्हणणं, ताक आणि वाकळ. "वाकळ तुझी, पर पाईप माझा," तुम्ही म्हणायचात. "पाईप तिथं आधीपासून होता, त्यानं एकट्यानं काय दिवा लावला?" मी म्हणायचे. भाजीत मीठ कमी पडलं तरी आपण फिरून तिथंच यायचो. कितीदा तर विषय दुसराच असायचा, आणि आपल्याला दोघांनाही तो नको असायचा, म्हणून आपण वाईसावर यायचो. हे तुम्हालाही कळत होतं ना?

पुढं तुम्ही तो पुरता खोललात, स्क्रूचा एकेक आटा तारेच्या ब्रशनं घासलात, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा घासून जबड्याला नवे दात बसवलेत. रंग तुम्हाला फौजी हिरवा हवा होता. घरात होता तो बेंदराला बैलांच्या शिंगांना लावून उरलेला जांभळा. कराडला जाऊन हिरवा आणेपर्यंत तुम्हाला धीर कुठला! वाईस जांभळा झाला. आबा सकाळी उठून आले, त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "झूल राह्यली."

तरी आबांच्या मनात पुणंच होतं. जबडा उघडला म्हणून पोट भरत नाही, असं ते जाऊबाईंना म्हणाले, मी ऐकलं. आणि शिमग्याच्या तोंडावर आपल्याच विहिरीवरचा पंप बंद पडला. मोटर फिरे, पण पंप फिरेना. ऊन तापायला लागलेलं, ऊस माना टाकायला लागलेला. कराडचा मिस्त्री परवा येतो म्हणाला. तुम्ही न सांगता विहिरीवर गेलात आणि बोटाएवढा तुटका तुकडा घेऊन आलात. पंपाच्या दांड्यात बसून चाक फिरवणारी चावी होती ती. लोखंडाचा एक नवा तुकडा वाईसात धरून कानस चालवायला लागलात.

नेमके तेव्हाच शंकरराव दारात. "पेटी भरली का? दुपारची गाडी गाठायचीय."

तुम्ही मान वर केली नाहीत. "हात मोकळा न्हाई."

"आरं, मी पुण्यासनं आलोय तुला न्यायला!"

"व्हय. बसा की. शालन, च्या कर शंकररावांना."

शंकरराव आबांकडं वळले. "आबा, सांगा ह्याला काहीतरी. जागा काय रोज मिळतीया का?" मी स्टोव्हला पंप मारता मारता थांबले. आबा त्या जांभळ्या जबड्याकडं आणि तुमच्या हाताकडं बघत होते. सुकलेला ऊस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. मग ते म्हणाले, "आदी पानी येऊ दे. मग बघू पुण्याचं."

पाणी त्याच दिवशी आलं. पुण्याचं कुणी पुन्हा बघितलं नाही. आठ दिवसांत आबांनी स्वतः अंगणात चार खांब रोवले, पत्रे टाकले आणि ते वर्कशॉप झालं.

तेव्हा मला तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. मनात अगदी भरून आलं होतं. मी चहा गाळला, आणि तुम्हाला म्हटलं, "साखर कमी पडली असंल, चालवून घ्या." तुम्ही म्हणालात, "झकास झालाय." आपलं बोलणं झालं ते एवढंच.

आत्ता सांगते. तुम्ही राहिलात, मला फार बरं वाटलं. त्यानंतरची ही सगळी वर्षं बरं वाटत होतं. तुम्ही घोरायचात तेव्हासुद्धा.

तुम्ही गेलात त्या दिवशी दुपारी काम अर्धवट टाकून आत आलात, छातीवर हात ठेवून म्हणालात, "वाईच पडतो." तुम्ही काम अर्धं टाकून कधी आत येत नव्हता, तेव्हाच मला कळायला हवं होतं असं जाऊबाई म्हणतात. कळलं होतं मला. आबांनी जीप आणली. कराडच्या रस्त्याला लागलो तेव्हा तुम्ही डोळे मिटून म्हणालात, "टायमिंग बिघडलंय इंजनाचं." मला वाटलं तुमच्या छातीचं म्हणताय. तुम्ही जीपचं म्हणत होता. ते तुमचं शेवटचं बोलणं. डॉक्टरांपर्यंत पोचलो, पण तोवर तुम्ही गेला होता. त्या जीपवाल्यानं परवा गाडी दाखवून घेतली. टायमिंग खरंच बिघडलं होतं म्हणे.

तुम्ही गेल्यावर काल पहिल्यांदा वर्कशॉपच्या शेडचं दार उघडलं. पलीकडच्या वस्तीवरचे रामभाऊ दारात येऊन उभे होते. त्यांच्या पंपाचा दांडा तुम्ही दुरुस्तीला घेतला होता आणि बिचाऱ्यांना मागायला तोंड होईना. "घाई न्हाई वयनी," ते म्हणत होते, आणि तिकडं त्यांचा ऊस पिवळा पडत होता. आबा म्हणाले, "कराडला धाडू." मी आत गेले. दांडा वाईसात तुम्ही धरला होता तसाच होता. बुशाची नळी चढण्यापुरतं टोक थोडं घासायचं बाकी होतं. मी कानस उचलली. पुढं जाताना दाब द्यायचा, मागं येताना उचलायची. शाळेला सुट्टी असली की तुम्ही मला हेच तर शिकवत बसायचात, आणि मी हळू चालवते म्हणून ओरडायचात. मी हळूच चालवली. आबा समोर उभे राहिले. आयुष्यात त्यांनी पान्याला हात लावला नव्हता. "दांडा सोडा आता, आबा," मी म्हटलं, तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी वाईसाचा दांडा फिरवला, अगदी जपून, झोपलेल्या माणसाचा हात बाजूला करावा तसा.

रामभाऊंच्या विहिरीवर आम्ही तिघंच होतो. दांडा पंपात बसवून झाल्यावर रामभाऊंनी खटका दाबला. पंप जरा खोकला आणि मग पाईपातनं पाणी जे फुटलं ते पार पाटाबाहेर. रामभाऊ फावडं घेऊन उसाकडं पळाले. आबा तोंड धुवायला पाटाशी बसले. ओंजळ भरून तोंडावर पाणी मारत होते, पुन्हा पुन्हा. मी मागं उभी होते. त्यांचे खांदे हलत होते, पण पाण्याचा आवाज एवढा होता की मला काही ऐकू आलं नाही.

"आबा, चला. ऊन झालं," मी म्हटलं.

त्यांनी मागं वळून बघितलं नाही. "तू हो म्होरं," म्हणाले. "पानी चांगलं आलंय. मी बसतो जरा."